ऋताने सांगितलं होतं

बोरन्हाण पाच वर्षांच्या आत करायचं असतं. ऋता त्या जानेवारीत चार वर्षं आठ महिन्यांची होती, म्हणजे ती संक्रांत हुकली की बोरन्हाण कायमचं हुकलं. पहिली संक्रांत सिंगापूरला आल्या आल्या सामानाच्या खोक्यांत गेली. पुढच्या दोन ‘आता नको, थोडी मोठी होऊ दे, तिला कळेल तरी’ असं म्हणण्यात गेल्या. चौथ्या संक्रांतीला ती रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डात होती आणि डोक्यावर एक केस नव्हता.

पाचव्या संक्रांतीला मात्र सगळं जरा ताळ्यावर आलं होतं. जड केमोथेरपी संपून रोजच्या गोळ्या सुरू होत्या. डोक्यावर बदकाच्या पिलासारखी लव आली होती. तिच्या वॉर्डातल्या नर्सला, हुई मिनला, मी घाबरत घाबरत विचारलं तर ती म्हणाली, करा की. छोटं करा, आजारी मुलांना बोलावू नका, उघड्यावरचं खाणं नको. आणि दर वेळी करते तसं तिने पिवळ्या कार्डावर बोट ठेवलं.

हे कार्ड आमच्या फ्रिजवर आहे, माझ्या पर्समध्ये आहे, माझ्या नवऱ्याच्या, रुचिरच्या पाकिटात आहे. ताप अडतीस सेल्सियस, म्हणजे आपल्याकडचा शंभर पूर्णांक चार, किंवा जास्त, एकदा जरी दिसला, तर फोन करा आणि निघा. पॅरासिटामॉल देऊ नका. पुन्हा मोजायला थांबू नका. इमर्जन्सीत हे कार्ड आधी दाखवा, म्हणजे तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू होईल. केमोच्या मुलांच्या अंगात जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी पुरेशा नसतात, त्यामुळे सकाळी खेळणारं मूल संध्याकाळी हाताबाहेर जाऊ शकतं. मला हे सगळं तोंडपाठ होतं. परीक्षा घेतली असती तर पहिली आले असते.

आमचा क्वीन्सटाउनचा फ्लॅट एवढ्या मंडळींना पुरणारा नव्हता, म्हणून माझ्या मैत्रिणीने, शुभदाने, जुरोंग ईस्टच्या तिच्या कॉन्डोमधली, म्हणजे सोसायटीतली, कार्यक्रमाची खोली मिळवून दिली. अकरा मुलं, त्यांचे आईबाप. प्रत्येक मुलाची आदल्या दिवशी नाकात काडी घालून तपासणी झाली होती. एका जोडप्याने धाकट्याचं नाक गळत होतं म्हणून त्याला बाबांबरोबर घरी ठेवलं आणि आई एकटी थोरल्याला घेऊन आली. दारातच शुभदा सॅनिटायझरची बाटली घेऊन उभी.

“हात पुढे. दोन्ही. माझ्या लग्नात मुलाकडच्यांची एवढी झडती घेतली असती तर बरं झालं असतं गं,” ती म्हणाली आणि तिच्या नवऱ्याने हसत हसत तिसऱ्यांदा हात चोळले.

बोरं आम्ही वगळली होती. त्यांच्याऐवजी चुरमुरे, कागदात गुंडाळलेल्या गोळ्या आणि मार्शमेलो. हलव्याचे दागिने माझ्या आईने पुण्याहून पाठवले होते: हार, बाजूबंद, मुकुट, आणि तिच्या त्या एवढ्याशा डोक्याला बसेल अशी बिंदी. काळ्या मखमलीचा फ्रॉक मी स्वतः शिवला होता. छातीवर डाव्या बाजूला कातडीखाली बसवलेलं तिचं पोर्ट, ज्यातून औषध देतात ते, घासू नये म्हणून आतून मऊ अस्तर लावलं होतं.

चार वाजून वीस मिनिटांनी मी तिच्या गळ्यात हार बांधत होते. ती म्हणाली, “आई, थंडी.”

“एसी आहे ना पिल्लू. कमी करायला सांगते.”

“एसी नाही. थंडी इनसाइड.”

मी तिच्या मानेला हात लावला. मग तिला उचलून शेजारच्या छोट्या स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि पर्समधून थर्मामीटर काढला. उजव्या कानात अडतीस पूर्णांक दोन.

बाहेर कुणीतरी पाट मांडत होतं. मुलं “स्टार्ट ऑलरेडी ऑर नॉट?” म्हणून ओरडत होती. आई पुण्याहून व्हिडिओवर आली होती आणि रुचिर तिला फोनवर खोली फिरवून दाखवत होता.

मी डाव्या कानात मोजलं. सदतीस पूर्णांक आठ.

आणि मी डाव्या कानावर विश्वास ठेवला.

आपल्याकडे तापाच्या आधी एक कणकण असते. तिला आकडा नसतो. अंग कोमट लागतं, आई म्हणते, “काही नाही, जरा कणकण आहे, पड थोडा वेळ,” आणि बहुतेक वेळा ती उतरते. मी लहानपणी अशा शंभर कणकणी काढल्या असतील. त्या दोन मिनिटांत मी माझ्या मुलीच्या तापाला कणकण म्हणून टाकलं. मखमलीचा फ्रॉक आहे, खोलीत माणसं आहेत, नाचून आलीय. हे सगळं मी मनात इतक्या भराभर रचलं की वकिलालासुद्धा जमलं नसतं.

पण खरं कारण मखमल नव्हती. खरं कारण भीड होती. या लोकांनी आपापल्या मुलांच्या नाकात काड्या घातल्या होत्या, एक बाप धाकट्याला घेऊन घरी बसला होता, आणि आता मी दारात उभी राहून म्हणणार की आम्ही निघतो? बरं, गेल्यावर ताप उतरलाच तर? आठवड्यापूर्वी मी असंच तिला घेऊन धावले होते. तेव्हा काहीच निघालं नव्हतं. हुई मिन “गुड, गुड, ऑलवेज कम” म्हणाली होती आणि मला मात्र शरमल्यासारखं झालं होतं.

“अर्धाच तास, राणी,” मी म्हटलं. “मग घरी जाऊन गाईगाई.”

“ओके लाह,” ऋता म्हणाली.

तिने खरंच ओके म्हटलं. पाटावर बसली. आम्ही औक्षण केलं, तिच्या डोक्यावरून मापाने चुरमुरे ओतले आणि मुलं मार्शमेलोवर तुटून पडली. त्या वेळच्या फोटोत ती हसतेय. गाल लाल आहेत. सगळे म्हणतात, काय तेज आहे चेहऱ्यावर. मी तो फोटो बघत नाही.

पावणेसहाला ती सोफ्यावर कुडकुडायला लागली. दात वाजत होते, ओठांचा रंग गेला होता आणि हलव्याचे दाणे थरथरून खाली पडत होते. रुचिरने तिला उचललं. टॅक्सीत त्याने विचारलं, “केव्हापासून आहे हे?”

“आत्ताच.”

“आधी काही बोलली नाही ती?”

“नाही ना. खेळत होती.”

त्या प्रश्नाला मी इतकं पटकन उत्तर दिलं की खोटं बोलतेय हे मला माझा आवाज ऐकल्यावर कळलं. रुचिर तिचे पाय चोळत होता. “लहान आहे गं, तिला काय कळणार सांगायचं,” तो म्हणाला.

इमर्जन्सीच्या नोंदणीच्या खिडकीपुढे चार माणसं होती. रुचिर बाहेर टॅक्सीवाल्याला थांबवून टॅक्सीत राहिलेली पिशवी घेत होता. मी ऋताला खांद्यावर घेऊन, हातात पिवळं कार्ड धरून, पाचवी उभी राहिले. पुढच्या माणसाच्या हाताला रक्ताळलेला रुमाल होता. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, मध्ये घुसायचं नाही, हे माझ्या हाडात आहे. मला त्याच्यापुढे जायची लाज वाटली. रुचिर आत आला, मला रांगेत बघून त्याने “क्षिप्रा, अगं काय करतेस!” असं जोरात म्हटलं आणि माझ्या हातातलं कार्ड ओढून थेट खिडकीवर आपटलं. रुमालवाला माणूस आपणहून बाजूला झाला. त्यानंतर सगळं भरभर झालं. पलंग, पोर्टमध्ये सुई, रक्ताचे नमुने, अँटिबायोटिक. त्यांनी एक मिनिट वाया घालवलं नाही. वाया घालवायची मिनिटं मी आधीच संपवली होती.

“पहिल्यांदा ताप कधी मोजला?” तिथल्या नर्सने विचारलं.

रुचिर शेजारी उभा होता. मी म्हटलं, “पावणेसहा.” तिने ते लिहून घेतलं.

रात्री तिचा रक्तदाब पडला. ती नऊ दिवस अतिदक्षता विभागात होती. रक्तात जंतू सापडले. हृदय आणि मेंदू जगवण्यासाठी जी औषधं देतात त्यांनी हातापायांच्या टोकांचा रक्तपुरवठा आखडतो, असं डॉक्टरांनी समजावलं. डाव्या पायाची दोन धाकटी बोटं आधी निळी, मग काळी पडली. सहा आठवड्यांनी त्यांचे शेंडे काढावे लागले.

तिला वाचवताना दमलेल्या डॉक्टर बाई आम्हाला म्हणाल्या, “तुम्ही ताप आल्यापासून तासाभरात आणलंत, म्हणून ती आहे. याहून उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.”

रुचिरने माझा हात दाबला. पुढे वर्षभर तो सगळ्यांना हेच सांगत राहिला. पुण्याला फोनवर, हार्बरफ्रंटच्या त्याच्या ऑफिसात, शुभदाच्या घरी. “क्षिप्रा होती म्हणून. पोरीने अवाक्षर काढलं नव्हतं, पण हिने ओळखलं.” शुभदा म्हणायची, “आईला कळतंच हो.” मी चहा करायला आत जायचे. दर वेळी वाटायचं आता सांगू, आणि दर वेळी माझ्यासाठी कुणीतरी खुर्ची सरकवायचं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. हे सगळं बोलणं चालायचं तेव्हा ऋता तिथेच कुठेतरी जमिनीवर रंगवत बसलेली असायची.

आता ती पावणेसहा वर्षांची आहे. गोळ्या संपत आल्यात. धावताना थोडी डावीकडे कलते, एवढंच. गेल्या मंगळवारी रक्त तपासायला गेलो तेव्हा हुई मिनने मला बाजूला घेतलं. पुण्याहून आलेलं एक कुटुंब आहे, मुलीचं निदान तीन आठवड्यांपूर्वीचं, आईला इंग्रजी येतं पण घाबरली की काही शिरत नाही. तू तिच्याशी मराठीत तापाबद्दल बोलशील का? तुझ्याइतकं कोण सांगू शकेल?

वॉर्डाच्या खेळघरात सुचित्रा बसली होती. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. मांडीवर पिवळं कार्ड, तिच्या बोटांनी कडा मऊ झालेलं. तिची श्रिया, साडेचार वर्षांची, टोपी घालून छोट्या टेबलापाशी खडू निवडत होती. ऋता आपणहून तिच्यासमोर जाऊन बसली.

“ताई, मला एकच सांगा,” सुचित्रा म्हणाली. “हे अडतीस म्हणजे अगदी अडतीसच का हो? सदतीस-नऊला काय करायचं? उगाच धावत गेलो आणि काही नसलं तर ओरडतात का इथे?”

“ओरडत नाहीत. फोन करायचा, त्या सांगतात.”

“आमचे हे म्हणतात, तू फार पॅनिक होतेस. म्हणजे मी खरंच होते. काल तिचं कपाळ मी किती वेळा बघितलं असेल! शेवटी तीच म्हणाली, आई, माझं कपाळ झिजेल.” ती हसली आणि हसता हसता डोळे भरले. “सिस्टर सांगत होत्या, तुम्ही लगेच ओळखलंत म्हणून. कसं ओळखलंत? मुलीने सांगितलं होतं का काही?”

आणि मी ते वाक्य म्हणाले. वर्षभर घासून गुळगुळीत झालं होतं, आपोआप आलं. “नाही गं. मुलं सांगत नाहीत. आपल्यालाच लक्ष ठेवावं लागतं.”

छोट्या टेबलावरून ऋताचा आवाज आला. श्रियाला ती मोठ्या बहिणीच्या थाटात, इथल्या मुलांच्या इंग्रजीत समजावत होती.

“यू मस्ट टेल युअर आई, हॉर. सांगायचं. मी नाही सांगितलं, सो माय टोज गॉन.” तिने मोजा काढून पाय टेबलावर ठेवला. “सी? माय फॉल्ट. आय वॉन्टेड द पार्टी.”

श्रियाने वाकून बोटं बघितली. “दुखतं?”

“नाही आता. बट मस्ट टेल.”

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. तेच मला सोसलं नाही. आपलं नाव, आपली शाळा, आपला ब्लॉक नंबर सांगावा तसं ती सांगत होती. किती दिवस ती हे बाळगून होती कोण जाणे. दर वेळी आम्ही तिच्या डोक्यावरून “पोरीने अवाक्षर काढलं नव्हतं” म्हटलं, आणि तिने ते उचलून स्वतःच्या आठवणीत ठेवून दिलं. खरी आठवण तिथून निघून गेली होती. ती मी घालवली होती.

मी उठून त्या छोट्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. तिचा पाय हातात घेतला.

“ऋता, तू सांगितलं होतंस.”

“नो.”

“हो. मी तुला हार घालत होते. तू म्हणालीस, आई, थंडी. मी म्हटलं एसी आहे. तू म्हणालीस, एसी नाही, थंडी इनसाइड.”

ती माझ्याकडे बघत राहिली. खडू हातातच.

“मग मी ताप बघितला. ताप होता. तेव्हाच निघायला हवं होतं. पण सगळे आले होते, मला त्यांना जा म्हणायची लाज वाटली. म्हणून मी तुला थांबवलं. बराच वेळ. तू काही चुकली नाहीस. मी चुकले. आणि नंतर बाबांना मी खोटं सांगितलं, की तू बोलली नाहीस.”

खेळघरात मागे कुठेतरी मशीनची पिंगपिंग चालू होती. सुचित्रा हातातलं कार्ड धरून थिजली होती. तिच्यासमोर हे बोलायचं नव्हतं, पण आता ऋताला सोडून दुसऱ्या कुणाकडे बघणं मला शक्य नव्हतं.

“आय टोल्ड यू?”

“हो.”

“देन व्हाय यू नेव्हर लिसन?”

लाज वाटली, हे सांगून झालं होतं. पावणेसहा वर्षांच्या मुलीला ते कारण पुरत नाही, आणि खरं तर मलाही कधी पुरलं नाही. तिने माझ्या हातातून पाय ओढून घेतला आणि मोजा स्वतःच घातला, टाच उलटी. नेहमी मी सरळ करते. या वेळी तिने करू दिला नाही.

मग ती श्रियाकडे वळली. “टेल. इफ शी नेव्हर लिसन, टेल नर्स.”

श्रियाने गंभीरपणे मान हलवली.

सुचित्रा माझ्याजवळ येऊन बसली. ती हळूच म्हणाली, “ताई, पहिला आकडा धरायचा ना? दुसऱ्यांदा मोजायचं नाही.”

“पहिलाच. आणि रांगेत उभं राहायचं नाही.”

जाता जाता मी हुई मिनला तिच्या टेबलापाशी गाठून सांगितलं: चार वीस, अडतीस-दोन, उजवा कान. तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, हे डॉक्टरांना सांगावं लागेल. तेव्हाच आणलं असतं तर बोटं वाचली असती का ते कुणीच सांगू शकणार नाही, नऊ दिवसांचे चार दिवस झाले असते का तेही नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

बसमध्ये ऋता खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. एरवी ती बसचे नंबर मोठ्याने वाचते. मी तिच्या मांडीवर हात ठेवला, तो तिने उचलून माझ्या मांडीवर परत ठेवला. रागाने नाही, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा. अलेक्झांड्रा रोड आला, गेला.

आमच्या ब्लॉकखाली लिफ्टपाशी ती एकदम थांबली.

“सो आय वॉज गुड?”

“तू बरोबर होतीस. तू सगळं बरोबर केलंस.”

“बाबा नोज?”

“नाही.”

“आज्जी?”

“नाही.”

तिने थोडा विचार केला. लिफ्ट आली, उघडली, बंद होऊन वर गेली.

“टेल बाबा.”

“संध्याकाळी घरी आले की सांगते.”

“नाऊ.”

दुपारचे साडेतीन. रुचिरच्या मीटिंगची वेळ. मी फोन काढला आणि तरीही क्षणभर माझ्या मनात आलंच, त्याला मधेच उठवायचं का. मग लावला.

“काय गं? रिपोर्ट नीट आहेत ना?” तो दबक्या आवाजात म्हणाला. मागे कुणीतरी आकडे वाचत होतं.

“रिपोर्ट नीट आहेत. रुचिर, बाहेर ये जरा. मला ऋतासमोर तुला काहीतरी सांगायचंय.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दाराचा. “बोल.”

“ताप पावणेसहाला आला नव्हता,” मी म्हटलं. ते जेमतेम ओठांबाहेर आलं.

“काय? ऐकू येत नाहीये.”

ऋताने माझ्या फोनवरचं स्पीकरचं बटण दाबलं आणि माझ्या कोपराला धरून उभी राहिली.

“लाउडर, आई,” ती म्हणाली.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्याने.